देवाचा दरबार

सातारा म्हटले की छत्रपतींची गादी आठवते. याच साताऱ्यात १९१७ साली कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी देवाची हाक मानून मिशनचा पगार सोडला होता.

श्रोतेहो, ‘देव मला वाट दाखवतो’ असे म्हणणे सोपे, आणि धोक्याचेही. त्यातून ‘माझेच खरे’ हा ताठा येतो. मग हाक देवाची की आपल्याच मनाची, हे ओळखावे कसे? टिळकांकडे पाहिले की एक खूण सापडते. त्या हाकेने त्यांना मोठेपणा दिला नाही, उलट हातचे सोडायला लावले. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, हे ऋण ते मोकळेपणी सांगत.

१९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

आम्ही मुसलमान याला तवक्कुल म्हणतो. उंट आधी नीट बांधावा, मग अल्लावर हवाला ठेवावा. कष्ट आपले, शेवट त्याच्या हाती. ख्रिस्ती भाविकाची श्रद्धाही याहून फार निराळी नसावी.