बर्फावरच्या रेघा

इ. स. १९०२ चा फेब्रुवारी महिना. फिगर स्केटिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षी लंडन शहरी भरली होती. स्पर्धकांच्या यादीत पुरुषांच्या नावांबरोबर एका स्त्रीचेही नाव होते: मॅज सायर्स. ही स्पर्धा पुरुषांची, हे सर्वांनीच गृहीत धरलेले होते. इतके गृहीत की, स्त्रियांना मज्जाव आहे असे नियमांत लिहून ठेवण्याची गरजही कोणाला वाटली नव्हती. सायर्सबाईंचा अर्ज आला तेव्हा अधिकाऱ्यांनी नियम चाळून पाहिले. त्यांत अडवणूक करण्याजोगे एकही कलम सापडेना. बाई बर्फावर उतरल्या आणि त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला. पहिला आला तो स्वीडनचा उल्रिख साल्कोव्ह. बाईंचे कौशल्य पाहून त्याने स्वतःचे सुवर्णपदक त्यांच्यापुढे केले, असे सांगतात.

ही स्पर्धा तेव्हा फार जुनी नव्हती. १८९२ मध्ये हॉलंडमधील स्खेवेनिंगन येथे काही युरोपीय देशांच्या प्रतिनिधींनी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाची स्थापना केली. चार वर्षांनी, १८९६ मध्ये, रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. जगाची स्पर्धा म्हणावी तर स्पर्धक अवघे चार! त्यांत जर्मनीचा गिल्बर्ट फुक्स विजयी झाला.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी प्रथम त्याचे साधन सांगितले पाहिजे. स्केट म्हणजे उंच बुटाच्या तळाला घट्ट बसवलेले पोलादी पाते. हे पाते जेमतेम चार मिलिमीटर जाड असते. त्याच्या तळाला लांबीच्या दिशेने एक उथळ खोबण कोरलेली असते. तीमुळे पात्याला आतली व बाहेरची अशा दोन धारदार कडा येतात. कसलेला खेळाडू दोन्ही कडांवर सपाट उभा राहत नाही. तो शरीर किंचित कलवून एकाच कडेवर भार देतो आणि मग त्याची वाट सरळ न जाता आपोआप वळण घेते. पुढे जाणे, मागे जाणे, उजवा पाय, डावा पाय, आतली कड, बाहेरची कड, एवढ्यांच्याच मेळातून या खेळातील साऱ्या गती निर्माण होतात. पात्याच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात. काही उड्यांच्या वेळी ते बर्फात रोवून खेळाडू वर उसळतो.

बर्फ निसरडा का असतो, या प्रश्नाने शास्त्रज्ञांनाही पुष्कळ काळ गुंतवून ठेवले. माणसाच्या वजनाचा दाब अरुंद पात्यावर एकवटतो आणि त्यामुळे खालचा बर्फ वितळतो, असे पूर्वी शिकवीत असत. पण कडाक्याच्या थंडीत केवळ दाबाने बर्फ वितळत नाही आणि स्केट मात्र तेव्हाही घसरतो. बर्फाचा अगदी वरचा, डोळ्यांना न दिसणारा थर गोठणबिंदूच्या खालीही पुरता घट्ट बसलेला नसतो आणि घर्षणाच्या उबेने तो आणखी सैल होतो, असे आता मानले जाते.

आता या खेळाच्या नावाविषयी. फिगर म्हणजे आकृती. आज जगभर लोक हा खेळ पाहतात तो उड्या, गिरक्या आणि संगीत यांसाठी. परंतु आरंभी त्याचा प्राण होता तो बर्फावर उमटणारी रेघ. स्वच्छ, गुळगुळीत बर्फावर खेळाडूने एका पायावर तोल सांभाळीत नेमून दिलेली आकृती काढावयाची. मूळ आकृती इंग्रजी आठाच्या आकड्याची, म्हणजे एकमेकांस चिकटलेली दोन वर्तुळे. (मराठी आठ येथे कामाचा नाही, तो मध्येच थांबतो!) त्याच आकृतीवरून पुन्हा दोनदा जावयाचे, आणि तिन्ही वेळच्या रेघा शक्य तितक्या एकीवर एक पडावयाच्या. खेळाडू बाजूला झाला की पंच बर्फावर येत आणि वाकून, प्रसंगी गुडघे टेकून त्या रेघा न्याहाळीत. वर्तुळ पुरे गोल आहे काय, वळताना कड बदलली काय, एखादी रेघ भरकटली काय, याची बारकाईने तपासणी होई. कित्येक दशके एकूण गुणांपैकी साठ टक्के गुण या आकृत्यांनाच असत. या आकृत्यांसाठी खेळाडू पहाटेपासून तासन् तास सराव करीत. तो सराव कंटाळवाणा खराच. पण कडेवरील जे प्रभुत्व त्याने लाभे, ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने लाभत नसे.

मॅज सायर्स याच शिस्तीत तयार झाल्या होत्या. लंडनमधील त्यांच्या यशानंतर आंतरराष्ट्रीय संघाने केले काय? पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, स्त्रियांना या स्पर्धेत भाग घेण्यास बंदी केली! कारणेही देण्यात आली. लांब घागऱ्यामुळे पंचांना पावले दिसत नाहीत. एखादा पंच आपल्या प्रिय व्यक्तीला झुकते माप देईल. स्त्रीची तुलना पुरुषाशी करणे अवघड आहे. यांपैकी पहिल्या आक्षेपाला सायर्सबाईंनी उत्तर दिले ते कात्रीने. त्या पोटरीपर्यंत येणारा आखूड घागरा घालून खेळू लागल्या. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्यांनी द्यावयाचे नव्हतेच. तो दोष पंचांचा. तिसऱ्याचे उत्तर त्यांनी बर्फावर दिले. ब्रिटनच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडे होते. १९०३ मध्ये ती त्यांनी जिंकली आणि १९०४ मध्ये पुन्हा जिंकली. त्या दुसऱ्या खेपेस त्यांच्याकडून पराभूत झालेल्यांत त्यांचे पती एडगर सायर्स हेही होते. पत्नीला या खेळात पुढे आणण्यात याच गृहस्थांचा मोठा वाटा होता, हे येथे सांगितले पाहिजे.

अखेर संघाला स्त्रियांसाठी निराळी स्पर्धा ठेवावी लागली. १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे ती प्रथम झाली. तिला आरंभी ‘जागतिक’ हे विशेषणसुद्धा देण्यात आले नव्हते. तो मान तिला मागाहून, पूर्वलक्षी रीतीने मिळाला. १९०६ आणि १९०७ या दोन्ही वर्षी सायर्सबाईच विजयी झाल्या. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी एकेरीत सुवर्णपदक आणि पतीसमवेत जोडीच्या खेळात कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेतही जोड्यांचा विभाग सुरू झाला. बर्फनृत्याचा विभाग यावयास मात्र १९५२ साल उजाडले.

पंचांच्या पक्षपाताची जी भीती स्त्रियांविरुद्ध पुढे करण्यात आली होती, ती खरी ठरली ती निराळ्याच प्रकारे. १९२७ ची महिलांची स्पर्धा नॉर्वेतील ओस्लो येथे झाली. पाच पंचांपैकी तीन नॉर्वेचे. त्या तिघांनी नॉर्वेच्या सोन्या हेनीला पहिली ठरवले. ऑस्ट्रियाच्या आणि जर्मनीच्या पंचांनी आधीची विजेती हेर्मा साबो हिला. तीन विरुद्ध दोन! निकाल हेनीच्या बाजूने लागला आणि गदारोळ उठला. तेव्हापासून एका देशाचा एकच पंच असा नियम झाला. हेनी त्या वेळी चौदा वर्षांची होती. तिचा खेळ खोटा नव्हता, हे पुढे सिद्ध झाले. १९३६ पर्यंत तिने सलग दहा जागतिक अजिंक्यपदे आणि तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. तरीही पहिल्या विजयावरचा तो डाग कायमचाच राहिला. यात तिचा अपराध काही नव्हता.

रेघांपासून खेळाचे लक्ष हळूहळू उड्यांकडे वळले. काही उड्यांची नावेही माणसांचीच आहेत. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सनने १८८२ मध्ये व्हिएन्ना येथे समोर तोंड करून उडी घेतली आणि तो पाठमोरा उतरला. यामुळे त्या उडीत गिरकीचा अर्धा फेरा नेहमीच अधिक भरतो, आणि म्हणून अ‍ॅक्सेल ही उडी सर्वांत कठीण मानतात. दुसऱ्या एका उडीला पदक पुढे करणाऱ्या त्या साल्कोव्हचे नाव आहे; तो स्वतः दहा वेळा जगज्जेता झाला.

हवेत गेलेल्या खेळाडूला आधार कशाचाही नसतो. मग तो इतका वेगाने फिरतो कसा? फुगडी खेळताना मुली हात ताणून मागे झुकल्या की गिरकी मंदावते आणि एकमेकींजवळ आल्या की वेग वाढतो. तोच नियम येथे आहे. फिरणाऱ्या शरीराचा भार अक्षापासून दूर असेल तर वेग कमी, जवळ आला तर वेग जास्त. खेळाडू जमीन सोडताना हात पसरलेले ठेवतो. हवेत जाताच ते छातीशी आवळतो, पाय एकावर एक गुंफतो आणि भोवऱ्यासारखा फिरतो. उतरण्याच्या क्षणी हात पुन्हा पसरले की वेग ओसरतो. हे सारे सेकंदाच्या सुमारे दोन-तृतीयांश भागात उरकावे लागते! उतरावयाचे ते एका पायावर, बाहेरच्या कडेवर, पाठमोरे. त्या वेळी वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका घोट्यावर येतो.

१९८८ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने चार फेऱ्यांची पहिली मान्य उडी मारली. पदक मात्र त्याला मिळाले नाही. १९८९ मध्ये पॅरिस येथे जपानच्या मिदोरी इतोने साडेतीन फेऱ्यांची अ‍ॅक्सेल साधून अजिंक्यपद मिळवले. आशिया खंडाला या खेळातील जगज्जेतेपद तिनेच पहिल्यांदा मिळवून दिले. साडेचार फेऱ्यांची अ‍ॅक्सेल सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या इल्या मालिनिनने साधली. पुढे २०२४ आणि २०२५ मध्ये तो जगज्जेता झाला.

या स्पर्धेच्या इतिहासातले सर्वांत दुःखद वर्ष म्हणजे १९६१. त्या वर्षी ती चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग येथे भरावयाची होती. अमेरिकेचा संघ न्यूयॉर्कहून निघाला. १५ फेब्रुवारीच्या सकाळी ब्रसेल्स विमानतळाजवळ त्यांचे विमान कोसळले. आतील बहात्तरही जण ठार झाले. जमिनीवरचा एक शेतकरीही बळी पडला. मृतांत अठरा स्केटपटू होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचे मार्गदर्शक, पंच व नातलग. सोळा वर्षांची लॉरेन्स ओवेन नुकतीच अमेरिकेची अजिंक्यपदे जिंकून निघाली होती. त्याच आठवड्यात एका नामांकित अमेरिकन क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र झळकत होते. तिची थोरली बहीण आणि आई मॅरिबेल, जी स्वतः एके काळची अमेरिकेची अजिंक्य खेळाडू आणि आता दोन्ही मुलींची गुरू होती, त्याही त्याच विमानात होत्या. एका घरातील तिघी एका क्षणात गेल्या. आंतरराष्ट्रीय संघाने ती स्पर्धा रद्द केली. युद्धाच्या वर्षांखेरीज असे पूर्वी घडले नव्हते.

प्रागला तो मान पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, मिळाला. जोड्यांच्या विभागात कॅनडाकडून मारिया आणि ओट्टो येलिनेक ही भावंडे आली. त्यांचा जन्म प्रागचाच. १९४८ मध्ये देशात साम्यवादी राजवट आल्यावर त्यांच्या कुटुंबाने परदेशचा रस्ता धरला होता. आता परत आल्यास सरकार आपणांस अडकवून ठेवील, ही धास्ती होती. त्यांच्यावरील नागरिकत्वाचा हक्क सरकारने सोडल्यावरच ती आली; आणि जन्मगावच्या लोकांसमोर जगज्जेती झाली.

पुरुषांच्या विभागात यजमानांचा कारोल दिवीन आकृत्यांनंतर बराच पुढे होता. कॅनडाच्या डोनाल्ड जॅक्सनला ते अंतर भरून काढणे जवळजवळ अशक्य दिसत होते. मुक्त स्केटिंगमध्ये त्याने तीन फेऱ्यांची लुट्झ उडी मारली. येणारी वाट एका दिशेने वळते आणि गिरकी तिच्या उलट दिशेने घ्यावी लागते, अशी ही उडी; स्पर्धेत ती तोवर कोणालाही साधली नव्हती. पंचांचे आकडे वर झाले तेव्हा त्यांत सात वेळा सहापैकी सहा होते. जॅक्सन जिंकला.

आकृत्यांचे महत्त्व यानंतर उतरणीला लागले. दूरचित्रवाणीवर खेळ पाहणाऱ्या लोकांना रेघा दिसत नसत. दिसत त्या उड्या. मग जी मुक्त स्केटिंगमध्ये मागे पडली तीच विजेती कशी, हे त्यांना कळेना. ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शुबा १९७१ व १९७२ मध्ये जिंकली ती आकृत्यांच्या बळावर, आणि प्रेक्षकांची नाराजी तिच्या वाट्यास आली. वास्तविक तिच्याइतक्या शुद्ध रेघा क्वचितच कोणी काढल्या असतील. १९९० मध्ये हॅलिफॅक्सच्या स्पर्धेत या आकृत्या शेवटच्या काढण्यात आल्या. नाव तेवढे उरले.

सहापैकी सहा गुणही आता मिळत नाहीत. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या निकालावरून मोठा गहजब झाला. एका पंचास निलंबित करून दोन जोड्यांना सुवर्णपदके द्यावी लागली. तेव्हा २००४ पासून नवी पद्धत आली. प्रत्येक उडीला व गिरकीला ठरावीक मोल आणि ती कशी साधली यावर अधिक-उणे गुण. शंका आल्यास चित्रफीत पुन्हा पाहण्याची सोय.

२९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन सदुसष्ट जण मृत्युमुखी पडले. त्यांत एका शिबिराहून परतणारे कोवळे स्केटपटू होते, त्यांचे आईबाप होते आणि १९९४ ची जगज्जेती रशियन जोडी, येवगेनिया शिश्कोव्हा व वादिम नाउमोव्ह, हेही होते. दोन महिन्यांनी जागतिक स्पर्धा भरली ती अमेरिकेतच, बोस्टनला. आणि मृतांपैकी कित्येकजण त्याच शहरातल्या क्लबचे. या खेपेस स्पर्धा रद्द झाली नाही. खेळाडू आले, त्यांनी मृतांना श्रद्धांजली वाहिली आणि बर्फावर उतरले.

त्या मोसमापासून प्रौढ गटासाठी किमान वय सतरा झाले आहे. कोवळ्या वयातील अतिश्रम टळावेत, हा हेतू. सोन्या हेनी पहिल्यांदा जिंकली ती चौदाव्या वर्षी. लॉरेन्स ओवेन प्रागला निघाली ती सोळाव्या वर्षी. आजचा नियम असता तर तिचे नाव त्या संघात आलेच नसते.