कमानीखालची वाट

भर जुलैत मुंबईत व्हीटी स्टेशनला उतरून फ्लोरा फाउंटनकडे चालत निघायचं तर छत्री फार वेळ उघडी ठेवावी लागत नाही. रस्ता ओलांडून पलीकडच्या कमानीखाली शिरलं की झालं. मधे एखादी गल्ली आडवी येते, तेवढ्यापुरतं भिजायचं. वर कोणाची तरी कचेरी, डावीकडे गाड्यांचा चिखल, उजवीकडे दुकानांची दारं आणि मधून आपण कोरडे चाललोय. कित्येक वर्षं ही वाट मी गृहीत धरली होती. १८९६ सालच्या एका सरकारी नियमातून ती निघाली, हे मला फार उशिरा कळलं.

त्याआधी इथे किल्ल्याचा तट होता. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तो पाडला, खंदक बुजवला आणि दाटीवाटीने कोंडलेल्या फोर्टाला हवा मिळाली. तेव्हाच हॉर्नबी रोड रुंद झाला. तोच आजचा दादाभाई नौरोजी रोड. मोकळ्या झालेल्या जमिनीवर हळूहळू बँका, पेढ्या, संस्था उभ्या राहू लागल्या. प्रत्येक मालकाचा वास्तुकार वेगळा आणि हौसही वेगळी. कोणाला गॉथिक टोकदार कमान हवी, कोणाला ग्रीक खांब, कोणाला घुमट. अशा रस्त्याला एक चेहरा द्यायचा कसा?

जवळच एक उत्तर तयार होतं. एल्फिन्स्टन सर्कलला, म्हणजे आताच्या हॉर्निमन सर्कलला, सगळ्या इमारतींचं दर्शनी अंगच एकसारखं ठेवलं होतं. पण ते एका वर्तुळापुरतं जमलं. हॉर्नबी रोडवर इतकं कोणी ऐकलं नसतं. म्हणून १८९६च्या नियमाने एकच गोष्ट मागितली : तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने कमानींची ओवरी ठेवा आणि ती चालणाऱ्याला मोकळी द्या. मला या नियमाचं मोठेपण त्याच्या आटोपशीरपणात दिसतं. मालकाची हौस त्याने मारली नाही, फक्त जमिनीलगतची पट्टी सार्वजनिक केली.

त्याच १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला आणि शहराची काळजी वेगळीकडे वळली. १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. अंधाऱ्या खोल्या हे रोगाचं घर, असं ठरलं आणि खिडकीत उजेड किती अंशांनी उतरतो याचं मोजमाप सुरू झालं. साडेत्रेसष्ट अंशांचा तो प्रसिद्ध नियम त्यातलाच. साध्या भाषेत, इमारतीच्या उंचीच्या निम्मं तरी अंतर समोर मोकळं हवं. हा नियम फार मोलाचा होता. कोंदट खोलीत वाढलेल्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. पुढे बॅलार्ड इस्टेटमध्ये वास्तुकार जॉर्ज विटेटने एकाच शिस्तीत अख्खी वसाहत उभी केली. तीसच्या दशकात ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हला सारख्या उंचीच्या आर्ट डेको इमारतींच्या रांगा लागल्या. नियमांनी बांधलेली शहरंही देखणी होतात, याचा हा पुरावा आजही उभा आहे.

१९६४मध्ये एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, आला आणि सगळी चर्चा आकड्यात शिरली. जमिनीच्या किती पट बांधता येईल एवढंच जो तो विचारू लागला. इमारत रस्त्याला कशी भेटते, तिच्या पायथ्याशी माणूस कुठून चालतो, हे प्रश्न मागे पडले. नव्या इमारती कुंपणाआड सरकल्या, पुढच्या मोकळ्या जागेत गाड्या लागल्या. माझ्या मते गेल्या साठ वर्षांतलं आपलं सर्वांत मोठं नुकसान हेच.

दादाभाई नौरोजी रोडवर कमानी टिकल्या, पण दिसेनाशा झाल्या. एकावर एक चढवलेल्या दुकानांच्या पाट्यांनी कमानीचा माथा, नक्षी, कळीचा दगड सगळं झाकून टाकलं होतं. १९९५मध्ये मुंबईची वारसा नियमावली आली, देशातली अशी पहिलीच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वास्तुकार आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास करून पाट्यांची रीत ठरवली : पाटी कमानीच्या चौकटीत बसेल एवढीच. दुकानदार तयार झाले, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पाट्या उतरल्या आणि मागून दगड बाहेर आला. २००४मध्ये या कामाची युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत सन्मानाने नोंद झाली.

मागच्या पावसात पुन्हा त्याच वाटेने गेलो. एका खांबाला पाठ टेकून एक बाई पिशवीतला डबा काढून जेवत होत्या. शेजारी दोन मुलं ओल्या चपला झटकत उभी होती. त्या खांबाचा कोपरा कमरेच्या उंचीवर गुळगुळीत झालाय. बाहेर पावसाची सर जोरात आली, तेव्हा आणखी चार जण आत आले आणि बाईंनी डबा थोडा अलीकडे ओढून घेतला.