जिथे राहता, तिथले मत : आयर्लंडच्या कौंटी निवडणुकीचा निकाल काय सांगतो?

७ जून २०२४ रोजी आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. ३१ कौन्सिलांच्या ९४९ जागांसाठी मतदान झाले. फियाना फॉल पक्षाला २४८, फिने गेलला २४५ आणि शिन फेनला १०२ जागा मिळाल्या. १८६ अपक्ष निवडून आले, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पाच सदस्यांमागे एक अपक्ष. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत या निकालाला फारशी जागा मिळणे शक्य नव्हते. पण आपली अनेक मुले-मुली आज शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी डब्लिन, कॉर्क, गॉलवेत राहतात. त्यांच्या घरच्यांनी तरी हा निकाल समजून घ्यायला हवा.

कारण या निवडणुकीत मत देण्यासाठी आयरिश नागरिक असावे लागत नाही. वय १८ पूर्ण असावे, त्या भागात राहत असावे आणि मतदार यादीत नाव असावे, एवढे पुरे. परदेशी परिचारिका, संगणक अभियंता, विद्यार्थी, अगदी आश्रय मागून आलेला माणूससुद्धा मत देऊ शकतो आणि उमेदवार म्हणून उभाही राहू शकतो. संसदेच्या निवडणुकीत ही सवलत नाही.

कौन्सिलच्या हातात काय असते?

कौन्सिल म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका. सरकारी घरे, स्थानिक रस्ते, वाचनालये, उद्याने, अग्निशमन आणि दफनभूमी ही तिची कामे. परिसराचा विकास आराखडा निवडून आलेले सदस्य मंजूर करतात. कोणत्या जमिनीवर घरे होतील आणि कुठे प्रार्थनास्थळाला वाव राहील, हे त्या आराखड्यावर बरेच अवलंबून असते. २०२२ च्या जनगणनेनुसार आयर्लंडमध्ये ८० हजारांहून अधिक मुसलमान आहेत. मेयो कौंटीतल्या बॅलीहॉनिस या छोट्या गावात हलाल मांसाच्या कारखान्याभोवती वस्ती वाढली आणि १९८७ साली तिथे मशीद उभी राहिली. अशा वस्तीला मशिदीची आणि कब्रस्तानाची जागा हे रोजच्या जगण्याचे प्रश्न असतात.

मोजणीची पद्धत

एका प्रभागातून अनेक सदस्य निवडले जातात. मतदार शिक्का मारत नाही. तो उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे क्रमांक लिहितो. समजा १२,००० वैध मते आहेत आणि पाच जागा आहेत. १२,००० ला सहाने भागून एक मिळवायचा, म्हणजे २,००१. एवढी मते मिळाली की उमेदवार निवडून आला. त्याची जादा मते पुढच्या पसंतीला जातात. सर्वांत कमी मते असलेला बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकाही पुढच्या क्रमांकाच्या उमेदवाराकडे जातात. सगळी मोजणी हाताने होत असल्याने निकालाला काही दिवस लागतात. २००४ साली मतदान यंत्रे आणायचे ठरले होते, पण स्वतंत्र आयोगाच्या अहवालानंतर तो बेत रद्द झाला. पुढे २०१२ मध्ये ती यंत्रे भंगारात गेली.

या पद्धतीमुळे उमेदवाराला दारोदार फिरावे लागते. तुमची पहिली पसंती दुसऱ्या कोणाला असली, तरी दुसरी किंवा तिसरी मिळावी म्हणून तो विनंती करतो. संख्येने थोड्या असलेल्या लोकांच्या घराची पायरीही त्याला चढावी लागते.

३८० वरून ४,८९४

लिओ वराडकर यांचे नाव आपल्याला परिचित आहे. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या कुटुंबातले. १९९९ साली लिओ फिंगल कौंटी कौन्सिलसाठी मुलहडार्टमधून उभे राहिले. त्यांना फक्त ३८० मते मिळाली आणि ते पडले. २००३ मध्ये रिकाम्या झालेल्या जागेवर पक्षाने त्यांना घेतले. २००४ च्या निवडणुकीत कॅसलनॉकमधून त्यांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मते मिळाली. त्या वर्षी देशभरात एवढी मते दुसऱ्या कोणालाच मिळाली नाहीत. २०१७ साली ते पंतप्रधान झाले. सुरुवात कौंटी कौन्सिलपासूनच झाली. केरळच्या अंगमालीत जन्मलेले बेबी पेरेप्पाडन जून २०२४ मध्ये साउथ डब्लिन कौंटी कौन्सिलचे महापौर झाले.

पण चित्राला दुसरी बाजू आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये डब्लिनमध्ये दंगल झाली होती. त्यानंतरच्या या निवडणुकीत बाहेरून आलेल्यांच्या विरोधात बोलणारे बरेच उमेदवार उभे राहिले. त्यांतले मोजकेच निवडून आले. त्यातला एक जण नॅशनल पार्टीचा होता आणि तो फिंगलमधल्या ब्लँचर्ड्सटाउन-मुलहडार्ट प्रभागातून आला. परदेशातून आलेली कुटुंबे तिथे मोठ्या संख्येने राहतात. ज्या मुलहडार्टमध्ये वराडकर एकदा हरले होते, तोच हा परिसर.

ही पद्धत कोणालाच मोफत संरक्षण देत नाही. जे मतदानाला येतात, त्यांची मते मोजली जातात. २०२४ मध्ये साधारण निम्मेच मतदार आले होते. तेव्हा घरात बसलेल्या प्रत्येक मतदाराने निकालावरचा आपला हक्क दुसऱ्याच्या हाती दिला, असेच म्हणावे लागेल.

आपल्या उलेमांनी मताला शहादत, म्हणजे साक्ष म्हटले आहे. सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानत तिच्या हक्कदाराकडे सोपवण्याचा हुकूम आहे. ही जबाबदारी परक्या मुलुखात राहायला गेल्याने संपत नाही. जिथे आपण पाणी पितो, जिथे आपली मुले शाळेत जातात, त्या गावाच्या भल्याबुऱ्यातही आपला वाटा असतो.

म्हणून आयर्लंडमध्ये असलेल्या आपल्या मुलामुलींना एवढे जरूर विचारा : मतदार यादीत नाव आहे का? नोंदणी ऑनलाइन होते. पीपीएस क्रमांक, जन्मतारीख आणि पत्त्याचा एअरकोड लागतो. घर बदलले की पत्ताही बदलून घ्यावा लागतो. या निवडणुका दर पाच वर्षांनी होतात, म्हणजे पुढची २०२९ मध्ये येईल. तोवर वेळ भरपूर आहे, असे म्हणणाऱ्यांचीच नावे यादीत राहून जातात. आणि हाच प्रश्न आपल्या मोहल्ल्यातही, नगरपालिकेची यादी जाहीर होईल तेव्हा, घराघरांत विचारला जावा.