शाळेचा वार्षिक अंक आणि आजीची गोष्ट

वर्षाअखेरीस आपल्या अनेक शाळांतून वार्षिक अंक निघतो. इंग्रजी-फ्रेंच पानांवर क्रीडास्पर्धा, सहल आणि मुख्याध्यापकांचे मनोगत असते. शेवटची दोन-तीन पाने मराठीला मिळतात आणि तेथे 'माझी गाय', 'पावसाळ्यातील एक दिवस' असे पुस्तकातून उतरवलेले निबंध येतात. जूनमध्ये मृगाचा पाऊस कोसळतो, असे आपले मूल लिहिते. जूनमध्ये आपल्या बेटावर हिवाळा असतो!

आमचे म्हणणे असे की, ही पाने मुलांनी घरच्या वृद्धांना प्रश्न विचारून भरावीत. फार दिवस थांबण्यासारखे हे काम नाही. १९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल वादळ आले तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाहत्तरीच्या घरात आहे.

अंक नोव्हेंबरात हवा असेल तर महिने उलटे मोजावेत. छपाईला वेळ लागतो, आणि देवनागरीची मुद्रिते आपल्याकडे मराठीच्या शिक्षकालाच तपासावी लागतात; संगणकावर जोडाक्षरे तुटतात ते निराळेच. तेव्हा मुलाखती हिवाळ्याच्या सुट्टीतच झालेल्या बऱ्या. मुलांना जोडीने पाठवावे. एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहावे.

खरी मेहनत प्रश्नांवर घ्यावी लागते. "तुमचे बालपण कसे होते?" असे विचारले की आजी म्हणते, "फार कष्टाचे होते, बाळा," आणि गोष्ट तेथेच संपते. त्याऐवजी विचारावे : कॅरोलच्या रात्री तुम्ही कोठे होता? छप्पर कशाचे होते? सकाळी पहिल्यांदा काय दिसले? आमच्या सहावीतल्या एका मुलीने हेच विचारले. आजी बराच वेळ गप्प बसली. मुलीला आम्ही बजावले होते की मध्ये बोलायचे नाही, म्हणून तीही गप्प राहिली. मग आजीने सांगितले की, रात्र कारखान्याच्या दगडी गोदामात काढली, आणि सकाळी घराच्या जागी फक्त 'रोस कारी' उरली होती. बाकी सारे उडून गेले होते.

हे सारे क्रिओलमध्ये झाले. बहुतेक घरांत तसेच होणार आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. 'रोस कारी'ला मराठीत काय म्हणतात, असे मुलीने वर्गात विचारले. पाटा-वरवंटा हा शब्द तिने घरी नेला, तेव्हा आजी म्हणाली, "हो, माझी आई पाटाच म्हणायची." साठ वर्षांत तो शब्द तिच्या तोंडी आला नव्हता. 'सिरदार', 'ताब्लिस्मां' यांसारखे शब्द मात्र लेखात आहेत तसेच ठेवावेत. त्यांचे शुद्ध मराठी करू गेल्यास उसाचे शेत पुण्याजवळचे वाटू लागते.

लेखाची सुरुवात त्या पाट्यापासून करावी, 'माझ्या आजीचा जन्म अमुक साली झाला' येथून नव्हे. शिक्षकाने लिंग-वचन आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारावे, वाक्ये मुलाचीच राहू द्यावीत. "आजी भीत नव्हती, आजोबा भीत होते," हे वाक्य आम्ही जसेच्या तसे ठेवले.

पूर्वजांची गोष्ट निघाली तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत प्रवासी मजुरांच्या नोंदी आहेत. त्यांत जहाज, वर्ष, गाव सापडू शकते. पण गावांची नावे त्या काळच्या कारकुनांनी ऐकून इंग्रजी अक्षरांत लिहिलेली आहेत. घरात एक नाव आणि कागदावर दुसरे निघाले तर दोन्ही छापावीत.

छापण्यापूर्वी मजकूर आजीला वाचून दाखवावा. आमच्या आजीने त्या रात्रीची एक गोष्ट काढून टाकायला सांगितली. मुलगी हिरमुसली, कारण तिच्या मते तीच सर्वांत चांगली होती. ती आम्ही काढली. अंक आला की पहिली प्रत आजीला द्यावी, आणि तिला देवनागरी वाचता येत नसेल तर नातीने शेजारी बसून वाचावी.