रिकाम्या खोलीचा हिशेब

आयुष्यभर बँकेत ताळेबंद तपासल्यामुळे एक गोष्ट मनात ठसली आहे : ‘शिल्लक’ हा शब्द दिसला की ती कशी काढली, हे आधी विचारावे. न्यूयॉर्कमधील पालक आज नेमके हेच विचारत आहेत.

तेथील शिक्षण विभाग शाळांच्या इमारतींची क्षमता आणि पटसंख्या यांचा अहवाल दरवर्षी काढतो. त्यात जागा शिल्लक दिसली की त्याच इमारतीत दुसरी शाळा, पुष्कळदा सरकारी पैशावर चालणारी पण स्वतंत्र मंडळाची ‘चार्टर’ शाळा, आणण्याचा प्रस्ताव येऊ शकतो. पालक सांगतात, कागदावरची ही रिकामी खोली प्रत्यक्षात संगीताची असते, किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांच्या उपचारांची. शिवाय आपल्याच शाळेला वरचे वर्ग जोडायचे, तर खोल्या लागणारच.

अर्थात, येणारी मुलेही परकी नव्हेत. त्यांच्या आईवडिलांनाही चांगलीच शाळा हवी असते. म्हणून २०१० च्या कायद्याने अशा इमारतींत मुख्याध्यापक, शिक्षक व पालक यांची संयुक्त समिती आवश्यक केली. पुढे २०२२ च्या कायद्याने तिसरीपर्यंतच्या वर्गात टप्प्याटप्प्याने वीसच मुलांची मर्यादा घातली. वर्ग लहान झाले की खोल्या अधिक लागतात. कालची शिल्लक आज तूट ठरते.

जाहीर सुनावणीत घोषणांचा आवाज विरतो, नोंदवलेला आकडा मात्र टिकतो. म्हणून पालकांनी सह्या जरूर गोळा कराव्यात. पण त्याआधी खोल्या स्वतः मोजाव्यात.