सांधे सुजवणारा निरोप
सकाळी बोटे आखडतात, धार काढताना मूठ वळत नाही. घरातली बाई ते ‘वाता’वर ढकलून कामाला लागते. पण हा आमवात असेल, तर दोष थंडीचा नव्हे. शरीराचे राखणदारच सांध्यांवर उठलेले असतात. रक्तातले ‘टीएनएफ’ नावाचे प्रथिन त्यांना ‘धावा’ असा निरोप देत राहते. सूज उतरत नाही. बोटे वाकडी होण्याआधीच डॉक्टर गाठावा. १९९२ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियान्याचे रविंदर मैनी यांनी हा निरोप अडवणारे औषध रोग्यांना दिले आणि सूज ओसरली. मात्र हाच निरोप क्षयाच्या जंतूंनाही कोंडून ठेवतो! म्हणून आधी क्षयाची तपासणी हवीच. औषध महागही आहे. बहुतेकांची सुरुवात मेथोट्रेक्सेटच्या गोळीने होते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.