लेथ, ऑल्टो आणि एक पार्किंग

रिडेव्हलपमेंट ठरलं की सगळे नव्या फ्लॅटचा कार्पेट एरिया मोजतात. गॅरेजमध्ये पडलेल्या मशिनचं आणि बाहेर उभ्या गाडीचं काय, हे मात्र शेवटच्या आठवड्यात आठवतं. तेव्हा ते तुमच्या आधी भंगारवाल्याला आठवलेलं असतं!

‘एक कव्हर्ड पार्किंग. अडीच मीटर बाय पाच मीटर.’ बिल्डरच्या ऑफिसातल्या त्या मुलीनं प्लॅनवर बोट ठेवलं आणि बाबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘लेथ कुठे बसणार?’ ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, लेथ म्हणजे कुत्र्याचं नाव असावं.

आमचं घर डहाणूकर कॉलनीत. मागे पत्र्याचं गॅरेज. त्यात बाबांचा साडेचार फुटी लेथ, बेंच ड्रिल, बेंच ग्राइंडर, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने आणि कानशी. दारात २०१०ची ऑल्टो. २०२३च्या दिवाळीनंतर घर रिकामं करायचं ठरलं आणि हे सगळं काढायची जबाबदारी आली माझ्यावर. मी आयटीवाला. लेथवर काम सोडा, मला त्याची स्वीचसुद्धा माहीत नव्हती.

कोथरूडमध्ये अशी गॅरेजेस काही कमी नव्हती. आज मेट्रो जिथून सुटते त्या वनाझ स्टेशनला नाव मिळालं ते एका इंजिनिअरिंग कंपनीचं. १९६२ मध्ये किर्लोस्कर-कमिन्स सुरू झाली. १९६६ मध्ये पुण्यात टेल्को आली आणि त्याच वर्षी एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था स्थापन झाली, जी आज वेताळ टेकडीवर आहे. या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांची अख्खी पिढी आपल्याकडे राहायला आली आणि रिटायर झाल्यावरही हात स्वस्थ बसेनात म्हणून घरी मशिन घेऊन बसली. आता बंगले पडताहेत, मशिनं बाहेर येताहेत. तुमच्या घरी नसेल, तर मामाकडे असेल. म्हणून हा लेख.

किलोवर नको!

पहिला गडी आला तो भंगारवाला. लेथकडे एक नजर टाकून म्हणाला, ‘बीड आहे साहेब, साडेचारशे किलो धरा. साडेतेरा हजार देतो, आत्ता उचलतो.’ मी जवळजवळ हो म्हणालो होतो. बाबा आतून एवढंच बोलले, ‘भंगारात घालायचं नाही. बास.’

मला तेव्हा तो हट्ट वाटला. पुढे कळलं की तो हिशोब होता. चालू लेथचा भाव किलोवर ठरत नाही, तो ठरतो त्याच्या बेडवर. बेड म्हणजे ज्यावर टूलचा गाडा पुढे-मागे सरकतो ती लांब, घासून गुळगुळीत केलेली पट्टी. सगळ्यात जास्त काम चकाजवळ होतं, म्हणून बेड तिथेच झिजतो. चांगलं गिऱ्हाईक आलं तर ते काय बघतं, हे बाबांनी मला एका रविवारी शिकवलं. विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनीही लक्षात ठेवावं असं आहे.

■ गाडा चकाजवळ आणा आणि तिथे तो जरा घट्ट सरकेल असा स्क्रू आवळा. आता दुसऱ्या टोकाला न्या. तिकडे तो अडकायला लागला, तर चकाजवळ बेड झिजलाय असं समजा.

■ चकात जाड बार पकडा, त्याला डायल लावा आणि बार हातानं वर ढकला. काटा बराच हलला तर स्पिंडलचं बेअरिंग ढिलं झालंय.

■ बारवर एक हलका कट घ्या आणि दोन्ही टोकांना व्यास मोजा. फरक जितका कमी, तितकं मशिन खरं.

■ आटे पाडायचे सगळे चेंज गिअर आहेत का, ते मोजा. दोन गिअर हरवलेले असले तर गिऱ्हाईक भाव पाडणार आणि त्याचं बरोबर असणार.

आमच्या लेथचा बेड चकाजवळ किंचित झिजलेला निघाला. बाबा म्हणाले, ‘ते आधी सांगायचं. त्यानं शोधून काढलं तर पुढचं काहीच तो खरं मानणार नाही.’

विकताना पाळायची पथ्यं

जुन्या मशिनला नवा रंग मारू नका. नव्या रंगाखाली काय लपवलंय, हा पहिला संशय येतो. त्याऐवजी रॉकेलनं पुसा, बेडवर तेलाचा हात फिरवा. फोटो काढताना नेमप्लेट, बेड, मोटर आणि सगळे सुटे भाग वेगवेगळे दाखवा. मशिन चालू असतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा फोटोंपेक्षा जास्त काम करतो, कारण त्यात आवाज ऐकू येतो.

तीन जॉ आणि चार जॉ चक, सेंटर, टूल हे सगळं लेथबरोबरच द्या. सुटं विकलं तर चार पैसे जास्त मिळतील असं वाटतं, पण मग उघडा लेथ कोणी घेत नाही. आणि उचलून न्यायचा खर्च कोणाचा, हे भावाच्या आधी ठरवा. आमचा पहिला सौदा इथेच फिसकटला. ३५ हजारांत ठरलं, टेम्पो दारात आला आणि ते गृहस्थ म्हणाले, ‘क्रेनचे पैसे तुम्ही द्यायचे ना?’ टेम्पो रिकामा परत गेला.

जाहिरात ऑनलाइन टाकाच, पण भोसरीतल्या जुन्या मशिनरीवाल्यांनाही एक फोन करा. ते स्वतःचा नफा धरून भाव सांगतात, त्यामुळे तो आकडा तुमचा ‘याच्या खाली जायचं नाही’ म्हणून उपयोगी पडतो.

आणि ठेवायचं असेल तर?

सगळं विकू नका. बेंच ड्रिल, व्हाइस आणि चार इंची ग्राइंडर एवढं फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत बसतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनाही आमचा सल्ला हाच: आधी १३ एमएमचं इम्पॅक्ट ड्रिल आणि एक मजबूत व्हाइस. बाकीचं तीनदा गरज पडली की घ्या. हत्यारांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी, वायर-स्वीचसाठी तपकीर गल्ली, लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. बुधवार-रविवारचा जुना बाजार नव्या माणसानं आधी दोनदा नुसता बघून यावा, तिसऱ्यांदा पाकीट न्यावं.

विजेचं मात्र हलक्यात घेऊ नका. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. चालू करताना मोटर नेहमीच्या चार-सहा पट करंट ओढते, म्हणून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. लेथची मोटर थ्री फेजची असेल तर घाबरून जाऊ नका. व्हीएफडी नावाचा डबा सिंगल फेजवर छोटी थ्री फेज मोटर चालवतो, फक्त मोटरची जोडणी २३० व्होल्टला चालणारी हवी.

हौस म्हणून चालवताय तोवर घरचं मीटर ठीक. जॉब घेऊन पैसे कमवायला लागलात तर त्याच मीटरवरची वीज ‘अनधिकृत वापर’ ठरू शकते. वीज कायदा २००३च्या कलम १२६ प्रमाणे तेव्हा दुप्पट दरानं आकारणी होते.

शेजाऱ्यांचंही ऐका. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. ग्राइंडर रविवारी सकाळी अकराला लावलात तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघणार नाही.

*चौकट: बाबांचे चार नियम*

१. फिरत्या मशिनवर हातमोजे, अंगठी, लांब बाह्या नकोत. कापड अडकलं की हात ओढला जातो.

२. चकाची किल्ली चकात सोडून हात काढायचा नाही. मशिन चालू झालं तर ती गोळीसारखी सुटते.

३. ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही. चार इंची डिस्क मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेते. डिस्कवर एक्स्पायरीची तारीख असते, ती वाचायची.

४. चष्मा आहे म्हणून गॉगल नको, असं म्हणायचं नाही.

आता गाडीकडे

ऑल्टो विकायची ठरली तेव्हा मी आधीच पोळलेला होतो. २०१६ मध्ये मी माझी बाइक एका मुलाला विकली होती. शंभराचा स्टँप पेपर, दोन सह्या, हातात रोख. तो म्हणाला, ‘दादा, ट्रान्स्फर मी करून घेतो.’ तीन वर्षांनी माझ्या मोबाइलवर चलन आलं. मग दुसरं. मग सिग्नल तोडल्याचं तिसरं. त्याचा फोन तोवर बंद झाला होता.

चलनाचं निभावलं. खरी भीती दुसरीच आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. त्यातल्या माणसानं २००७ मध्येच गाडी विकली होती आणि पुढे तिनं आणखी हात बदलले. पण आरसीवर नाव त्याचंच राहिलं. २००९ मध्ये अपघात झाला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी आली आरसीवरच्या मालकावर. फंडा साधा आहे: गाडी कोणाच्या दारात उभी आहे याला अर्थ नाही, कागदावर नाव कोणाचं ते बघतात.

म्हणून या वेळी सगळं शिस्तीत केलं. फॉर्म २९ म्हणजे विकल्याची खबर, ती राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला द्यायची. फॉर्म ३० म्हणजे नाव बदलायचा अर्ज, घेणाऱ्यानं ३० दिवसांत करायचा. पण ‘तो करेल’ यावर विसंबू नका, अर्ज तुमच्या डोळ्यांसमोर भरला जाऊ दे. लोन फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरची बँकेची नोंद आधी काढून घ्या. किल्ली देताना डिलिव्हरी नोटवर तारीख तर लिहाच, वेळही लिहा. संध्याकाळी साडेसहाला दिलेली गाडी सात वाजता ठोकली जाऊ शकते.

डीलरला विकताय? एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत डीलरसाठी वेगळे नियम आले. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची खबर फॉर्म २९सी वर आरटीओला गेली की पुढची जबाबदारी त्याची. म्हणून डीलरकडे ऑथोरायझेशन आहे का, हे भाव विचारायच्या आधी विचारा.

आणि एक नाजूक गोष्ट. गाडी आई-बाबांच्या नावावर असेल आणि ते गेले, तर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ वर वारसाच्या नावाचा अर्ज करायचा असतो. दुःखात हे सुचत नाही, म्हणून आत्ताच वाचून ठेवा.

हां, नो क्लेम बोनस विसरू नका! तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. जास्तीत जास्त ५० टक्के. गाडी विकताना इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत नवी गाडी घेतलीत तर तिथे वापरता येतो.

आमच्या ऑल्टोची आरसी २०२५ पर्यंतच होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग. एप्रिल २०२२ पासून कारच्या या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५ हजार झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. गिऱ्हाइकानं हे सगळं बोटांवर मोजून दाखवलं आणि गाडी ८५ हजारांत गेली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

नवी घ्यायची का?

आपण कागद-पेन्सिल घेऊ. समजा, गाडी ८ लाखांची आणि पाच वर्षांनी ४ लाखांना विकली. म्हणजे वर्षाला ८० हजार नुसते उभ्या गाडीचे. इन्शुरन्स २० हजार, सर्व्हिसिंग १० हजार. वर्षाला ६ हजार किलोमीटर, पंधराचं अॅव्हरेज, लिटर १०५ रुपयांनी धरला तर पेट्रोल ४२ हजार. एकूण १ लाख ५२ हजार. किलोमीटरला पंचवीस रुपयांच्या वर! सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात रिक्षाचा जो दर ठरला, तो पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये होता. वर मार्च २०२२ पासून वनाझहून मेट्रो आहे.

याचा अर्थ गाडी घेऊ नका असा नाही. आईला रात्री दोनला हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ येते तेव्हा किलोमीटरचा हिशोब कोणी करत नाही. पण वर्षाला ६ हजार किलोमीटरही होत नसतील, तर तुम्ही गाडी नाही, मनःशांती विकत घेताय. ती घ्या, फक्त तिची किंमत माहीत असू द्या. मशिनलाही हेच लागू. वर्षातून दोनदा लागणारं मशिन भाड्यानं आणा, दर रविवारी लागणारं विकत घ्या.

शेवटी लेथचं काय झालं?

चाकणला नोकरी करून स्वतःचं छोटं वर्कशॉप काढू बघणारा एक मुलगा आला. त्यानं गाडा चकाजवळ आणला, स्क्रू आवळला आणि दुसऱ्या टोकाला न्यायला लागला. बाबा खुर्ची सोडून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. मी झिजेचं सांगायच्या आत तो म्हणाला, ‘काका, इथे थोडा खाल्लाय.’ बाबा म्हणाले, ‘हो. माझ्याच हातनं.’

४८ हजारांत सौदा झाला, क्रेन त्याची. चार दिवसांनी त्याचा बाबांना फोन आला: मशिन बसवलंय, पण कट सरळ येत नाहीये. ‘लेव्हल नीट घेतली नसशील. बेडला पीळ बसलाय,’ बाबा म्हणाले आणि स्पिरिट लेव्हल पिशवीत घालून निघाले. ऑल्टो गेलेली होती. मी रिक्षा बोलावली. मीटरकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.